गावच्या डॉक्टरांचा मास्क आणि कडेची फट

या पानावर आपण कपाशीवरील बोंडअळीचा नाही तर तुरीवरील मर रोगाचा सल्ला वाचायला येता. तो पुढच्या वेळी देतो. आज मास्कविषयी लिहायचे आहे, आणि तोही आपल्या गावच्या डॉक्टरांच्या मास्कविषयी.

कृषी खात्याच्या माणसाला यातले काय कळते, असे कोणी म्हणेल. म्हणणे बरोबर आहे. मी कृषी पदविका घेतलेला माणूस, रोगी तपासणे माझे काम नव्हे. पण फवारणीच्या हंगामात विषबाधा झालेला मजूर मोटारसायकलवर मध्ये बसवून मी आजवर चार वेळा दवाखान्यात नेला आहे. चारही वेळा आधी गावातल्याच डॉक्टरांकडे नेला. पहिला हात त्यांचाच लागतो. सलाईन लावून, इंजेक्शन देऊन, चिठ्ठी लिहून तेच पुढे पाठवतात. त्यांचे दार बंद असले म्हणजे काय होते, तेही एकदा पाहिले आहे.

ती गोष्ट २०२० सालची. आमच्या मंडळातल्या बाजाराच्या गावी एक डॉक्टर आहेत. वय साठीच्या पुढे. तीस वर्षांपासून एकाच खोलीत दवाखाना. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कित्येक दवाखान्यांची शटरे खाली आली, यांचे उघडेच राहिले. त्यांनी कोठून तरी पाच एन-९५ मास्क मिळवले. पाच कागदी पिशव्यांवर सोमवार, मंगळवार असे वार लिहून ते पाळीपाळीने वापरत. पाच मास्क असे फिरते ठेवावेत, हा सल्ला त्या काळात सगळीकडेच दिला जात होता. गौरी-गणपती उरकले आणि डॉक्टर आजारी पडले. दवाखाना चाळीस दिवस बंद.

नेमका त्याच काळात कपाशी छातीला लागलेली. एका मजुराला फवारणी करताना गरगरले, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला फेस आला. एरवी दहा मिनिटांत डॉक्टरांच्या बाकावर पडला असता. त्या दिवशी रुग्णवाहिका कोरोनाच्या रोग्यांत अडकलेल्या. शेवटी कांद्याच्या टेम्पोत घालून छत्तीस किलोमीटर नेला. मध्ये तीन तास गेले. माणूस वाचला, पण एकोणीस दिवस दवाखान्यात होता आणि त्याची बायको आजही मला रस्त्यात भेटली की त्या टेम्पोचेच बोलते.

डॉक्टरही वाचले. सगळेच वाचले नाहीत. भारतीय वैद्यक संघटनेने ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहिले. तोवर देशात १९६ डॉक्टर कोरोनाने गेले होते, त्यांतले १७० जण पन्नाशीच्या पुढचे होते आणि जवळजवळ ४० टक्के साधी प्रॅक्टिस करणारे, म्हणजे आपल्याकडच्यासारखे घरचे डॉक्टर होते. हा आकडा दुसऱ्या लाटेच्या आधीचा आहे, हे लक्षात घ्या.

आमच्या डॉक्टरांना रोग मास्कमधूनच झाला, की चहा पिताना मास्क खाली केला तेव्हा झाला, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण तो पाच वारांचा मास्क त्यांच्या चेहऱ्याला बसतच नव्हता, हे मात्र गेल्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत सिद्ध झाले. ते कसे, तेच आज सांगायचे आहे.

मुसक्याचे माप आपण बघतो

आमच्याकडे म्हातारी माणसे मास्कला मुसकेच म्हणतात. कोळपणीला बैल जुंपताना आपण त्याला मुसके बांधतो. एका बैलाचे मुसके दुसऱ्याला चालत नाही. ढिले झाले की बैल कडेने जीभ काढून पीक ओढतो, आणि दोष मात्र बैलाला देतो आपण. जनावराच्या बाबतीत जे आपल्याला कळते, ते माणसाच्या मास्कच्या बाबतीत कोणी सांगितलेच नाही.

एन-९५ म्हणजे काय, तर ०.३ मायक्रॉन आकाराचे निदान ९५ टक्के कण अडवणारा मास्क. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर हा कण त्याच्या दोनशेव्या हिश्शापेक्षाही बारीक. त्यातला ‘एन’ म्हणजे तेलकट कणांसाठी नाही, असा अर्थ. एवढे बारीक कण केवळ चाळणीने अडत नाहीत. मास्कच्या मधल्या थरातल्या धाग्यांवर विजेचा भार दिलेला असतो. कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे ओढून घेतो, तसे ते धागे कण ओढून धरतात. म्हणून हा मास्क साबणाने धुवू नये, सॅनिटायझरने पुसू नये. धुतला की भार जातो. मास्क दिसायला तोच राहतो, काम करीत नाही. २०२० साली कित्येकांनी स्वच्छतेच्या हौसेने आपले चांगले मास्क असे वाया घालवले. त्यात मीही होतो.

पण कापड कितीही चांगले असले तरी हवा सोपी वाट शोधते. पंपाचा वायसर गेला असेल तर महागडे नोझल लावून उपयोग होतो का? औषध नोझलमधून कमी आणि दांड्याच्या सांध्यातून हातावर जास्त येते. मास्कचेही तसेच. नाकाच्या बाजूला काडी जाईल एवढी फट राहिली तरी श्वासाबरोबर हवा तिथूनच आत ओढली जाते. मग त्या ९५ टक्क्यांना काही अर्थ उरत नाही. डॉक्टरांच्या चष्म्यावर वाफ धरते ना, ती याच फटीतून वर आलेली असते. आपण ते पाहून हसतो. ती मास्कच्या गळतीची खूण आहे.

कडू औषधाची परीक्षा

गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन मास्क बसतो की नाही याची चाचणी ठेवली. साहित्य एका वैद्यकीय महाविद्यालयातून दिवसापुरते मागून आणलेले. मी फवारणीच्या संरक्षक साधनांचा संच दाखवायला गेलो होतो. माझा संच कोणी फारसा पाहिला नाही. सगळे त्या चाचणीभोवतीच गोळा झाले.

पद्धत अगदी साधी आहे. डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारी एक टोपडी घालतात, पुढे पारदर्शक खिडकी आणि तोंडासमोर एक भोक. त्या भोकातून हाताने दाबायच्या छोट्या फवाऱ्याने द्रावणाचे तुषार आत सोडतात. द्रावण दोन प्रकारचे मिळते, सॅकरीनचे गोड किंवा अतिशय कडू. कडू पदार्थाचे नाव डिनॅटोनियम. उंदीर मारण्याच्या काही औषधांत माणसाने, लेकराने चुकून खाऊ नये म्हणून हाच पदार्थ घालतात. प्रमाणात वापरला तर अपाय नाही, चव मात्र संध्याकाळपर्यंत आठवते.

आधी मास्क न लावता पातळ द्रावण सोडतात. तोंड थोडे उघडे ठेवून श्वास घ्यायचा आणि चव कळली की सांगायचे. कोणाला दहा दाबांत कळते, कोणाला वीस, कोणाला तीस लागतात. तीसलाही कळली नाही तर त्या माणसाची परीक्षा या द्रावणाने होत नाही. मग चूळ भरून, थोडे थांबून मास्क लावायचा आणि तेच द्रावण आता पुष्कळ तीव्र करून सोडायचे. दर अर्ध्या मिनिटाला पुन्हा थोडे सोडतात. तेवढ्यात माणसाने एकेक मिनिट एकेक हालचाल करायची. साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, मान वर-खाली, मोठ्याने बोलणे, कमरेत वाकणे, पुन्हा साधा श्वास. शेवटपर्यंत कडू लागले नाही तर मास्क बसला. कोठेही चव आली की तिथेच नापास. पास होणे म्हणजे बाहेर शंभर कण असतील तर आत एकाहून जास्त गेला नाही, असे ढोबळमानाने धरतात.

आमचे डॉक्टर पाच वारांपैकी शिल्लक राहिलेल्या जातीचा कोरा मास्क घेऊन आले होते. साध्या श्वासाला काही झाले नाही. खोल श्वासालाही नाही. मान वर केली तेव्हा त्यांचे तोंड थोडे वाकडे झाले, पण बोलले नाहीत. मग मोठ्याने बोलायला सांगितले. नेहमी रोग्याला सांगता तेच बोला, असे चाचणी घेणारी मुलगी म्हणाली. डॉक्टर म्हणाले, “जेवणानंतर एक गोळी सकाळ-संध्याकाळ, तेलकट बंद, आणि...” एवढे होते न होते तोच त्यांनी टोपडी वर केली. “कडू!”

खोलीत हशा झाला. ते हसले नाहीत. खाली बसून मास्क हातात फिरवत राहिले. “म्हणजे मी बोलत होतो तेवढा वेळ हा उघडाच होता,” एवढेच म्हणाले. डॉक्टरचा निम्मा दिवस बोलण्यात जातो, बंधूंनो. उरलेला निम्मा वाकण्यात जातो, रोग्याच्या छातीवर.

मग दोष शोधला. मास्क त्यांच्या चेहऱ्याला मोठा होता, हनुवटीखाली लोंबत होता. शिवाय कानात अडकवायचा होता. डोक्यामागून दोन पट्टे जाणारा मास्क जास्त घट्ट बसतो. वरचा पट्टा टाळूच्या मागे, खालचा कानाखालून मानेवर. दोन्ही पट्टे मानेवर घातले की काही उपयोग नाही. नाकावरची पट्टी ते एका हाताच्या चिमटीने दाबत. तसे केले की मध्ये टोक निघते आणि दोन्ही बाजूंना पन्हळ तयार होते. ती दोन्ही हातांच्या बोटांनी नाकावरून गालाकडे दाबत न्यायची असते. दुसरा मास्क दिला, तो वाकल्यावर नापास. तिसरा, लहान मापाचा, दोन पट्ट्यांचा. त्यात सातही मिनिटे पार पडली.

माझीही परीक्षा झाली. दोन दिवसांची दाढी होती. पहिल्याच मिनिटाला कडू. दाढीचे खुंट मास्कची कड कातडीला टेकू देत नाहीत. धान्याच्या कोठीच्या झाकणाखाली काडीकचरा राहिला तर झाकण बसेल का, तसेच. ज्यांना धर्माने दाढी ठेवावी लागते त्यांचे काय, असा प्रश्न तिथे निघाला. नांदेडकडचे एक जण होते, त्यांनीच विचारला. ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांनी २०२० मध्ये यावर उपाय काढला. दाढीवर हनुवटीखालून ताणणारे कापड, ज्याला ते ‘ठाठा’ म्हणतात, घट्ट बांधायचे आणि त्यावर मास्क चढवायचा. त्यावरही चाचणी घेतल्याशिवाय भरवसा ठेवायचा नाही, हे अर्थातच आले.

त्या दिवशी बऱ्याच डॉक्टरीणबाई पहिल्या मास्कला नापास झाल्या. त्याचेही कारण आहे. अमेरिकेत मास्क तपासण्यासाठी चेहऱ्यांची जी मापे पुढे कित्येक वर्षे प्रमाण धरली गेली, ती १९६७-६८ मध्ये तिकडच्या हवाई दलातल्या माणसांची घेतलेली होती. तरुण, धडधाकट जवान. त्यांच्या जबड्याच्या मापाने बनलेली वस्तू आपल्या तालुक्यातल्या बारीक चणीच्या बाईंना कशी बसावी? नवीन मापे नंतर आली, पण आपल्याकडे औषध दुकानात अजूनही एकच माप मिळते आणि दुकानदार म्हणतो, सगळ्यांना बसते. बियाण्याच्या पिशवीवर ‘सर्व जमिनींसाठी योग्य’ लिहिलेले असते त्यातलाच हा प्रकार.

रोज सकाळची अर्ध्या मिनिटाची तपासणी

ही कडू चाचणी वर्षातून एकदा करायची असते. वजन फार घटले-वाढले, कवळी बसवली, मास्कची कंपनी बदलली, तर पुन्हा. रोज मात्र मास्क लावल्याबरोबर दोन्ही तळव्यांनी तो झाकून जोरात श्वास सोडायचा. गालाला, डोळ्यांना वारा लागला तर फट आहे. मग श्वास आत ओढायचा. मास्क किंचित आत बसला पाहिजे. याला अर्धे मिनिट पुरते. पण या रोजच्या तपासणीने कडू चाचणीची जागा भरून निघत नाही. आमचे डॉक्टर रोज तळहात लावून बघत आणि त्यांना फट कधी कळली नाही.

आता कोरोना गेला, मग हे कशाला, असे वाटेल. क्षयरोग गेलेला नाही. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे आणि तो हवेतूनच पसरतो. तीन आठवडे खोकणारा माणूस आधी कोठे जातो? जिल्हा रुग्णालयात नाही. तो गावच्या डॉक्टरांसमोर स्टुलावर बसतो आणि ते म्हणतात, मोठा श्वास घ्या, खोका. त्याला क्षय आहे हे कळायला पुढे महिना जातो, आणि त्या महिन्यात तो चार वेळा येऊन खोकून जातो.

जुन्या वाचकांना १९९४ आठवत असेल. ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग निघाला आणि सप्टेंबरमध्ये सुरतेला फुप्फुसाचा. सुरतेच्या कापड धंद्यात आपली खानदेशची किती माणसे! गाड्या भरभरून माणसे गावी परतली. सुरतेतले अनेक खासगी डॉक्टर दवाखाने बंद करून शहराबाहेर गेल्याचे तेव्हा छापून आले होते आणि लोकांनी त्यांना नावे ठेवली. ठेवावीत की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्यांच्या हाती काय साधन दिले होते, हे कोणी विचारले का?

खर्च कोणी करायचा

ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने एन-९५ मास्कची कमाल किंमत प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये ठरवून दिली होती. त्यातला सर्वांत महाग धरू. रोज एक नवा, वर्षाचे ३०० दिवस. ४९ गुणिले ३०० म्हणजे १४ हजार ७०० रुपये. दोन हजार वस्तीच्या गावात माणशी सात रुपये पस्तीस पैसे. आज भाव थोडा वर-खाली असेल तर आपला आपण हिशोब करावा. एका पंपाच्या औषधाला आपण याच्या कितीतरी पट घालतो.

सरकारी माणसांची गोष्ट सोपी आहे. उपकेंद्रातल्या सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी, आशाताई यांच्यासाठी मागणी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी करावी. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते. ग्राम आरोग्य समितीचा जो निधी गावाला मिळतो तो बऱ्याच ठिकाणी मार्चअखेरीला घाईघाईत खर्ची पडतो. तो कशाकशासाठी वापरता येतो हे समितीच्या बैठकीत एकदा वाचून घ्यावे आणि शंका असेल तर गटविकास अधिकारी किंवा तालुका आरोग्य अधिकारी यांना विचारावे.

खासगी डॉक्टरांचे त्रांगडे आहे. ते स्वतःच्या धंद्यासाठी मास्क घेतील की, असे ग्रामसभेत एक जण म्हणालाच. खरे आहे, फी घेतात. पण संकटाच्या दिवसांत त्यांना दार उघडे ठेवा म्हणून नोटिसा कोणी दिल्या होत्या? नवी मुंबईत महापालिकेने मार्च २०२० अखेर खासगी डॉक्टरांना दवाखाने चालू ठेवण्याची नोटीस दिली. तिथले एक वैद्य त्याप्रमाणे बसले आणि जूनमध्ये कोरोनाने गेले. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या ५० लाखांच्या विम्यासाठी त्यांच्या पत्नीने अर्ज केला तर, तुमच्या पतीची सेवा सरकारने अधिकृत मागितली नव्हती, असे उत्तर आले. २०२१ मध्ये उच्च न्यायालयातही हाती काही लागले नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये खासगी डॉक्टरांच्या सेवा मागितल्या गेल्या होत्या हे मान्य केले, तरी प्रत्येक दाव्याला पुरावा द्यावाच लागणार. साडेपाच वर्षे. माझे मत विचाराल तर, गेल्यावर ५० लाखांसाठी भांडत बसण्यापेक्षा असताना सात रुपये दिलेले बरे.

आमच्या गावाने काय केले ते सांगतो. निम्मे पैसे डॉक्टरांनी घातले, निम्मे दूध सोसायटी आणि दोन कृषी सेवा केंद्रांनी. गावाने सगळे द्यावे असे डॉक्टरांनाही वाटत नव्हते. चाचणीचे साहित्य मात्र एका गावाने घेण्याची वस्तू नाही. तालुक्याला एक संच पुरतो, द्रावण तेवढे पुन्हा भरायचे. घेणारा माणूस शिकवलेला हवा. आमच्याकडे दोन सिस्टर आणि एक औषधनिर्माते शिकले आहेत.

घेताना फसू नका. खोटे मास्क २०२० पासून बाजारात पुष्कळ आहेत. भारतीय मानक आयएस ९४७३, त्यातला एफएफपी-२ दर्जा एन-९५ च्या जवळचा. आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक बघा. तो क्रमांक मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घातला की परवाना खरा की खोटा ते कळते. पुढे प्लास्टिकचा गोल झडपा असलेला मास्क डॉक्टरांसाठी घेऊ नये. त्यातून त्यांचा श्वास न गाळता बाहेर पडतो. केंद्राच्या आरोग्य महासंचालकांनी जुलै २०२० मध्ये याबद्दल राज्यांना लिहिले होते. आणि एकदम शंभराचा खोका घेऊ नका. आधी तीन-चार जातींचे एकेक घ्या, चाचणी करा, मग पास झालेल्या जातीचा खोका घ्या. आम्ही उलटे केले. आधी खोका घेतला. तो आता मळणीला वापरतो.

बसायची जागाही बघा. यात पैसा लागत नाही. फवारणी करताना आपण वारा पाठीवर घेतो, तोंडावर नाही. दवाखान्यात पंखा रोग्याच्या मागे असेल तर त्याचा सगळा खोकला डॉक्टरांच्या तोंडावर येतो. आमच्या डॉक्टरांनी टेबल फिरवले. आता वारा त्यांच्या पाठीकडून येऊन रोग्याच्या मागच्या खिडकीतून बाहेर जातो. तीस वर्षे टेबल उलटे होते.

हा मास्क फवारणीला नाही

हे मुद्दाम वेगळे लिहितो, कारण वरचे वाचून कोणीतरी एन-९५ लावून कपाशीत शिरेल. मळणीयंत्राची धूळ, गंधकाची भुकटी, हळदीचा धुरळा, यांना तो चालतो. कीटकनाशकाची वाफ त्यातून आरपार जाते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण दवाखान्यात पडले. फवारणीला कोळशाच्या डबीचा, म्हणजे वाफ शोषणारा, पुढे धुळीची गाळणी असलेला रबरी मास्क लागतो. त्याचीही फट बघायची. दोन्ही डब्या तळव्यांनी बंद करून श्वास ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून दहा सेकंद तसाच राहिला पाहिजे. आणि तो लावला म्हणजे काम झाले असेही नाही, कारण फवारणीतले विष अंगात जाते ते जास्त करून कातडीतून. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, गमबूट आधी.

विषबाधेचा रोगी दवाखान्यात नेताना त्याचे भिजलेले कपडे शेतावरच काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली नाही तर निदान तिच्यावरचे लेबल बरोबर न्या. त्या कपड्यांचा वास डॉक्टर आणि सिस्टर दोघांनाही बाधतो, आणि तिथे त्यांचा पास झालेला मास्कही कामाचा नाही. दारे-खिडक्या उघडाव्यात आणि रबरी हातमोजे घालावेत, एवढेच त्यांच्या हाती असते.

आमच्या तालुक्यात पुढची चाचणी पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला, पंचायत समितीच्या सभागृहात आहे. आपापल्या डॉक्टरांना, सिस्टरांना आणि आशाताईंना सांगा. वापरता तो मास्क बरोबर आणावा. पुरुषांनी त्याच दिवशी सकाळी दाढी करून यावे. चाचणीआधी पाव तास चहा, पान, तंबाखू काही नको, पाणी चालेल. शेतकऱ्यांनी आपले रबरी मास्क आणले तर त्यांच्या डब्या आणि पट्टे मी मागच्या खोलीत बघून देईन.